पडद्यावरची गोळी आणि घरातले मूल

चंबळच्या खोऱ्यालगत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हिंसा म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी चित्रपटगृहाचे तिकीट काढावे लागत नसे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील वाड्यांतून वाढलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीने मानसिंग, लाखनसिंग, रूपा ही नावे वर्तमानपत्रांतून आणि बाजारपेठेतील कुजबुजीतून ऐकली. आम्ही स्वतः शाळकरी वयात असताना, १९८३ च्या फेब्रुवारीत, फुलनदेवीने भिंड येथे हजारो लोकांसमोर बंदूक खाली ठेवल्याची बातमी वाचली. गोळीचा आवाज, ओलीस धरलेल्या माणसाच्या घरची तगमग, वैरातून उजाड झालेली गावे या गोष्टी आमच्या परिसरात कथा नव्हत्या. अशा मुलखात सरकारी शाळेचा मुख्याध्यापक म्हणून काम करताना एक प्रश्न आम्हांला पालकसभेत हटकून विचारला जातो. परवाच एका आजींनी तो अगदी त्यांच्या शब्दांत विचारला, "अहो सर, आमचा नातू जेवतानासुद्धा मोबाइलवर गोळ्या झाडत असतो. हा पुढे बिघडेल का हो?"

या प्रश्नाचे होकारार्थी किंवा नकारार्थी असे एका शब्दाचे उत्तर देणे सोपे आहे, आणि दोन्ही उत्तरे देणारी माणसे भरपूर भेटतात. काहींच्या मते समाजातील प्रत्येक खून चित्रपटातून शिकला जातो; काहींच्या मते चित्रपट म्हणजे निव्वळ करमणूक, तिचा आणि आचरणाचा काडीचा संबंध नाही. आम्हांला ही दोन्ही मते घाईची वाटतात. म्हणून या लेखात प्रथम आमच्याच मातीतील एक उदाहरण, मग इतिहास, मग संशोधकांनी काय पाहिले ते, आणि शेवटी घरात काय करता येईल, असा क्रम आम्ही ठेवीत आहोत.

दोन गब्बर

'शोले' हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील गब्बरसिंग हे नाव पटकथाकारांनी हवेतून घेतलेले नव्हते. गब्बरसिंग नावाचा खराखुरा डाकू १९५० नंतरच्या दशकात आमच्या भिंड-ग्वाल्हेर भागात वावरत होता. पोलिसांची आणि खबऱ्यांची नाके-कान कापण्याबद्दल त्याची दहशत होती. १९५९ च्या नोव्हेंबर महिन्यात पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. त्या वेळी मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक होते के. एफ. रुस्तमजी, जे नागपूरजवळच्या कामठीत जन्मले आणि पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्या टिपणांत या गब्बरची हकिकत आलेली आहे.

पडद्यावरच्या गब्बरला मात्र चंबळची मातीसुद्धा लागलेली नाही. 'शोले'चे चित्रीकरण कर्नाटकात, बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांमध्ये झाले. खऱ्या गब्बरच्या नावाने भिंडकडच्या खेड्यांत माणसे दारे लावून घेत. पडद्यावरच्या गब्बरची नक्कल मुले गल्लोगल्ली करू लागली. इतकेच नव्हे, तर ती भूमिका करणाऱ्या अमजद खान यांना त्याच वेशात ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत आणले गेले. नाक कापणाऱ्या दरोडेखोराने लहान मुलांना बिस्किटे विकावीत, यात कोणाला काही वावगे वाटले नाही. हिंसेचे करमणुकीत रूपांतर होते म्हणजे काय होते, हे सांगायला यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. भय गाळले जाते आणि ऐट शिल्लक राहते.

परंतु 'शोले'ला एकांगी दोष देणेही न्यायाचे होणार नाही. त्या चित्रपटात इमामसाहेबांच्या मुलाचा, अहमदचा, खून होतो. ती भूमिका आपल्या सचिन पिळगावकरांनी केली आहे. प्रदर्शित चित्रपटात तो खून दिसत नाही. गब्बर आपल्या हातावर चढलेली मुंगी चिरडतो, आणि नंतर घोड्याच्या पाठीवरून मुलाचे प्रेत गावात येते. मग कॅमेरा त्या आंधळ्या बापाजवळ थांबतो. सारे गाव गप्प आहे आणि म्हातारा विचारतो आहे. ज्याने तो प्रसंग पाहिला त्याला मृत्यू म्हणजे काय हे रक्ताचा थेंबही न पाहता कळले. हिंसेनंतर कॅमेरा कोठे थांबतो, मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर की मेलेल्याच्या घरी, हा आम्हांला या विषयातील कळीचा मुद्दा वाटतो.

त्या चित्रपटाचा शेवटही या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत परीक्षण मंडळाने आक्षेप घेतला, की निवृत्त पोलीस अधिकारी कायदा आपल्या हाती घेतो हे दाखवू नये. शेवट बदलला आणि पोलीस येऊन गब्बरला घेऊन गेले. मूळ शेवट असलेली प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे महोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. पन्नास वर्षे प्रेक्षकांनी बदललेला शेवट पाहिला. पण मुलांच्या तोंडी राहिला तो गब्बरच, त्याला पकडून नेणारा शिपाई नव्हे. शेवटच्या पाच मिनिटांत कात्री लावून आधीच्या तीन तासांचा परिणाम पुसता येत नाही, एवढा धडा यातून घेता येईल.

भीती जुनीच आहे

करमणुकीतून हिंसा पसरते ही भीती मोबाइलबरोबर जन्मलेली नाही. मराठी रंगभूमीने तिचा फटका फार पूर्वी सोसला आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. महाभारतातील कथा ती; पण कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि सैरंध्रीत पारतंत्र्यात पिचलेली मायभूमी. १९१० साली मुंबई सरकारने या नाटकावर बंदी घातली. रंगमंचावरचा भीम पाहून प्रेक्षकांतले भीम उठतील, ही सरकारची धास्ती होती.

आता इतिहासातला विरोधाभास पाहा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. त्या रात्री तेथे 'कीचकवध' चालू नव्हते. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' होते, जरठ-कुमारी विवाहावरचे, ज्यात तलवारही उपसली जात नाही. कान्हेऱ्यांच्या हातात पिस्तूल आले ते राजकीय कारणांनी. त्या कारणांकडे पाहण्याऐवजी राज्यकर्त्यांनी नाटकांकडे पाहिले. आजही एखादी भीषण घटना घडली की बेकारी, घरातील मारहाण, सहज मिळणारे शस्त्र, व्यसन यांकडे डोळेझाक करून सारे खापर चित्रपटावर फोडणे राज्यकर्त्यांना आणि समाजाला सोयीचे असते. पालकांनी त्या सोयीला बळी पडू नये.

शिवाय आपण मराठी माणसे अफजलखानाच्या वधाचा पोवाडा ऐकत वाढलो. भीमाने दुःशासनाची छाती फोडल्याची कथा आजीनेच सांगितली. त्याने आपण खुनी झालो नाही. हा युक्तिवाद वारंवार केला जातो आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा २०११ साली, मुलांना हिंसक व्हिडिओ खेळ विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द करताना, जुन्या परीकथांमधल्या क्रौर्याकडे बोट दाखवले होते. पण हा युक्तिवाद अर्धाच आहे. आजीच्या गोष्टीत आजी असे. भीमाची प्रतिज्ञा सांगताना ती द्रौपदीचा अपमान सांगे, आणि युद्ध संपल्यावर गांधारीचा आक्रोशही सांगे. स्त्रीपर्व गाळून कोणी महाभारत सांगत नसे. आजच्या पडद्यावर स्त्रीपर्व गाळले जाते, एवढाच आमचा आक्षेप आहे.

संशोधकांनी काय पाहिले

या विषयावर सहा दशकांहून अधिक काळ संशोधन चालू आहे. त्यातील काही टप्पे सामान्य वाचकाला माहीत असावेत.

१९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने सुमारे तीन ते सहा वर्षे वयाच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारले, लाकडी हातोडीने बडवले. पुढे मुलांना थोडे चिडवून खेळण्यांच्या खोलीत सोडले, तेव्हा ज्यांनी ती मारहाण पाहिली होती त्यांनी तिची हुबेहूब नक्कल केली. टीकाकार म्हणाले की असला बाहुला मुळी मार खाण्यासाठीच असतो; त्यावरून माणसाला मारण्याबद्दल काय सिद्ध होते? आक्षेप रास्त आहे.

परंतु १९६५ साली बांदुराने केलेला पुढचा प्रयोग अधिक विचार करायला लावतो. या वेळी मुलांनी चित्रफीत पाहिली. एकीत मारणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ मिळाला, दुसरीत त्याला रागावले गेले, तिसरीत काहीच झाले नाही. रागावलेले पाहणाऱ्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर जेव्हा सर्वांना बक्षिसाचे आमिष दाखवून, तुम्ही काय पाहिले ते करून दाखवा असे सांगितले, तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे शिकले सगळेच होते; कोणी ते वापरले, कोणी मनात ठेवले. खलनायकाला शेवटी शिक्षा होते ना, मग काय बिघडले, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग आठवावा.

न्यूयॉर्क राज्याच्या कोलंबिया काउंटीत १९६० साली तिसरीतील ८५६ मुलामुलींचा अभ्यास सुरू झाला आणि दहा वर्षांनी त्यांतल्या अनेकांना पुन्हा गाठण्यात आले. आठव्या वर्षी हिंसक कार्यक्रमांची आवड असलेले मुलगे एकोणिसाव्या वर्षी अधिक आक्रमक असल्याचे लिओनार्ड एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले. मुलींच्या बाबतीत त्या वेळी तसा संबंध आढळला नाही.

उलट बाजूचे निष्कर्षही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक खेळ खेळणे आणि पालकांनी नोंदवलेले आक्रमक वर्तन यांत त्यांना संबंध दिसला नाही. जपानमध्ये असे खेळ घरोघर आहेत, तरी तेथे खुनांचे प्रमाण जगात अत्यंत कमी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली भूमिका अशी मांडली, की हिंसक खेळांचा आरडाओरड, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी लहानसा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. मात्र प्राणघातक हिंसेचे कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवण्यास पुरेसा पुरावा नाही.

एक वेगळाच विचार जॉर्ज गर्बनर यांनी मांडला. दूरचित्रवाणीपुढे फार वेळ बसणाऱ्या माणसाला जग आहे त्याहून अधिक क्रूर आणि धोकादायक वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे. शिक्षक म्हणून आम्हांला हा परिणाम रोज दिसतो. एखाद्या मुलाला चुकून धक्का लागला तर तो ताबडतोब गृहीत धरतो की धक्का मुद्दाम मारला. क्षमा मागणे हे त्याला दुबळेपणाचे लक्षण वाटते. अशी मुले खून करणार नाहीत. पण ती संशयी होतील, एकटी पडतील, आणि ज्या जगात राहायचे त्याच जगाचा त्यांना भरवसा उरणार नाही. हेही नुकसानच आहे.

रक्ताचा रंग हिरवा

आमच्या लहानपणी मारामारी पाहण्यासाठी पैसे जमवावे लागत, घरची परवानगी लागे, आणि तीन तासांनी पडदा पडे. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात 'महाभारत' चालू होते, तेव्हा गल्लीतली मुले केरसुणीच्या काड्यांचे बाण करून एकमेकांवर सोडीत. आणि आया 'डोळा फुटेल रे!' म्हणून धावत येत. आई पाहत होती म्हणून धावत आली. आज मूल एकटे आहे, कानांत यंत्र आहे, पडदा तळहाताएवढा आहे आणि तो कधी पडत नाही.

कोविडच्या साथीत, २०२० साली, शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवरून पाठवण्यात आले. ज्या घरात एकच साधा फोन होता तेथेही कर्ज काढून स्मार्टफोन आला. साथ ओसरल्यावर मुले शाळेत परतली; फोन मात्र त्यांच्या हातीच राहिला.

त्या आधीच, २०१८ साली, पबजी हा खेळ मोबाइलवर आला होता. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो जिवंत राहील तो जिंकतो. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी त्यावर बंदीचा हुकूम काढला आणि खेळणाऱ्या काही तरुणांना पकडलेसुद्धा. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्यावर देशभर बंदी घातली. पण ती चिनी उपयोजनांवरील कारवाईचा भाग म्हणून, देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव. मुलांच्या मनाचा विचार त्यामागे नव्हता. २०२१ मध्ये तोच खेळ भारतीय नावाने परत आला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती, 'ठार मारणे' या शब्दाऐवजी 'संपवणे' अशा अर्थाचा शब्द आला, आणि रक्ताचा लाल रंग बदलून हिरवा करण्यात आला.

आम्हांला हा हिरवा रंग फार सूचक वाटतो. मुलाला रक्त दिसू नये म्हणून काळजी घेतली; पण ज्याला गोळी लागली त्याची आई, त्याचे घर, त्याचे अपुरे राहिलेले आयुष्य हे तर आधीही दिसत नव्हते आणि आताही दिसत नाही. मेलेला खेळाडू पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. अमुक खेळ हिंसक आहे एवढ्याने आम्ही भीत नाही. मरणाला तेथे काहीच किंमत नाही, ही गोष्ट आम्हांला खटकते.

लग्नाच्या वरातीतील चित्रपट

ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात परवान्याची बंदूक हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते. त्यामुळे पडद्यावरच्या ऐटीला येथे खरे शस्त्र सहज सापडते. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याला येथे 'हर्षफायर' म्हणतात. त्या गोळीने गच्चीवर उभ्या असलेल्या मुलीचा, घोड्यावरच्या नवऱ्याचा, वाजंत्रीवाल्याचा जीव गेल्याच्या बातम्या लग्नसराईत येतात. २०१९ साली शस्त्र अधिनियमात दुरुस्ती होऊन, इतरांच्या जिवाला धोका होईल अशा बेपर्वाईने हर्षफायर करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. तरी हा प्रकार थांबलेला नाही. आता त्याला नवे रूप आले आहे. मिसरूड न फुटलेली पोरे कमरेला देशी कट्टा खोचून, मागे एखादे गाणे लावून चित्रफीत काढतात आणि मोबाइलवरून जगाला दाखवतात. ती पाहून पोलीस दारात येतात तेव्हा घरच्यांना प्रथम कळते.

या मुलांना कोणाला मारायचे नसते. त्यांना कोणीतरी पाहावे असे वाटत असते. परीक्षेत मागे पडलेल्या, घरात सतत उणेदुणे ऐकणाऱ्या मुलाला पडद्याने शिकवले आहे की हातात शस्त्र असले की माणसे वळून पाहतात. आपल्या मराठी घरांतून बंदुका नाहीत, आपल्या लग्नांत अक्षता पडतात, म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. आपली मुले याच शाळांत, याच मित्रांत वाढत आहेत, आणि कौतुकाची भूक कोणत्या भाषेतल्या मुलाला नसते?

एक वर्गपाठ

उपदेशाने मुले कंटाळतात, हे तीस वर्षांच्या शिक्षकीत आम्हांला पुरते कळले आहे. म्हणून काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात आम्ही एक वेगळा निबंध दिला. नुकत्याच पाहिलेल्या एखाद्या मारामारीच्या चित्रपटातील, नायकाच्या हातून मेलेला कोणताही एक बिननावाचा गुंड निवडा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी काय झाले असेल ते लिहा, असे सांगितले. वर्ग आधी हसला. मग वह्या उघडल्या. बहुतेकांनी विनोदी लिहिले. काहींनी लिहिले की तो गुंड होता, त्याला घर नसणारच.

मागच्या बाकावर बसणाऱ्या, एरवी पानभर खाडाखोड करणाऱ्या एका मुलाने चारच ओळी लिहिल्या होत्या. मुरैनाकडच्या एका खेड्यातून तो आला होता. त्याने लिहिले होते, की दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटली नाही. म्हैस ओरडत राहिली, कारण तिची धार तोच काढीत असे. आणि संध्याकाळी काकांनी थोरल्या मुलाला बोलावून सांगितले की हे तुला विसरायचे नाही. शेवटची ओळ होती, "तो थोरला मुलगा नववीत होता."

आम्ही ती वही वर्गात वाचून दाखवली नाही. मुलाला मधल्या सुट्टीत बोलावले. त्याने मान खाली घालून सांगितले, की जमिनीच्या वादात वडील गेले, आणि आई त्याला घेऊन ग्वाल्हेरला भावाकडे आली ती काकांच्या त्या वाक्यामुळेच. त्या दिवशी तो एवढेच बोलला. पुढे तो दहावी झाला, तांत्रिक शिक्षणाला गेला. खेळ तोही खेळत असे, मारामारीचे चित्रपट त्यालाही आवडत. पण गोळीनंतर काय होते हे त्याला ठाऊक होते. इतर मुलांना ते अशा किमतीला कळू नये, आणि तरी कळावे, यासाठी घर आणि शाळा यांनी काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यापुढे आहे.

घरातून काय करता येईल

पहिली गोष्ट, कायद्याने दिलेली साधने वापरावीत. चित्रपटांसाठी 'पालकांच्या मार्गदर्शनाखाली' या एकाच मोघम वर्गाऐवजी २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन वर्ग केले आहेत. घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या सेवांनाही २०२१ च्या नियमांनी असेच वयोगट आणि तेरा वर्षांपुढील वर्गांसाठी पालकांच्या हाती कुलूप देणे बंधनकारक केले आहे. हे कुलूप किती घरांत लावले आहे? बहुतेक ठिकाणी ते कसे लावायचे हे नातवालाच विचारावे लागते! तरी विचारावे, आणि त्याच्यासमोरच लावावे. चोरून लावलेले कुलूप संशय वाढवते.

दुसरी गोष्ट, फोनची जागा ठरवावी. जेवणाच्या पानाशेजारी आणि अंथरुणात फोन नको, आणि हा नियम बाबांनाही लागू असावा. रात्रीची झोप तुटलेला मुलगा दुसऱ्या दिवशी चिडचिडा असतो. पुष्कळदा आपण ज्याला खेळाचा दुष्परिणाम समजतो तो जागरणाचा असतो.

तिसरी गोष्ट, अधूनमधून त्याच्या शेजारी बसून तो काय पाहतो ते पाहावे. नाक मुरडण्यासाठी नव्हे. दोन-तीन साधे प्रश्न विचारावेत. ज्याला मार बसला त्याचे पुढे काय झाले? मारणाऱ्याला काही सोसावे लागले का? दुसरा काही मार्ग होता का? उत्तर मिळालेच पाहिजे असा आग्रह नको. प्रश्न मनात राहिला तरी काम झाले.

चौथी गोष्ट सांगताना आम्हांला संकोच वाटतो, पण सांगितलीच पाहिजे. मारामारीचा चित्रपट पाहिल्याबद्दल मुलाला पट्ट्याने मारणारे वडील आम्ही पाहिले आहेत. पडद्यावरच्या शंभर गोळ्यांपेक्षा घरातील एक थप्पड मुलाला अधिक शिकवते, कारण ती खरी असते आणि प्रिय माणसाच्या हातून आलेली असते. शाळेत मुलांना मारण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे. घरासाठी वेगळ्या कायद्याची वाट कशाला पाहावी?

पाचवी गोष्ट, धोक्याची लक्षणे ओळखावीत. मुलगा मित्र सोडू लागला, धाकट्या भावंडांना किंवा मुक्या प्राण्यांना निष्ठुरपणे छळू लागला, खेळ थांबवताच अनावर होऊ लागला, तर तो केवळ वयाचा दोष समजू नये. खेळाचे अनिवार व्यसन ही जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्यता दिलेल्या आजारांच्या यादीत आलेली गोष्ट आहे, आणि तिला उपचार आहेत. सरकारच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. तो विचारण्यात घराण्याची अब्रू जात नाही.

आणि शेवटची गोष्ट, मुलांना या मातीची दुसरी कथाही सांगावी. १९६० च्या मे महिन्यात कोकणातल्या गागोदे गावी जन्मलेला एक कृश मराठी माणूस याच चंबळच्या बीहडात पायी हिंडत होता. विनोबांजवळ शस्त्र नव्हते, बक्षीस नव्हते, माफीचे आश्वासनही नव्हते. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंगाने तुरुंगातून त्यांना पत्र लिहिले होते, आणि मेजर जनरल यदुनाथसिंग बीहडात जाऊन डाकूंशी बोलत होते. त्या महिन्यात वीस डाकूंनी विनोबांपुढे बंदुका ठेवल्या आणि ते आपल्या गुन्ह्यांची शिक्षा भोगायला तयार झाले. पुढे १९७२ साली जौरा येथे जयप्रकाशांच्या उपस्थितीत शेकडो डाकूंनी तेच केले. हिंदी चित्रपटाने हा विषय अगदीच टाळला असे नाही. राज कपूर यांच्या 'जिस देश में गंगा बहती है' मध्ये डाकूंची शरणागती आहे. पण आज आमच्या वर्गातील कोणत्याही मुलाला विचारा, त्याला गब्बर ठाऊक असतो आणि जौरा ठाऊक नसते, जे येथून बसने दोनेक तासांवर आहे.

त्या आजींना आम्ही हेच सांगितले, की नातू खेळतो म्हणून बिघडेल असे नाही. पण खेळताना तो एकटाच राहिला तर काय होईल याची आम्हांला काळजी वाटते. त्याला या दिवाळीच्या सुट्टीत जौऱ्याला घेऊन जा. तेथे माणसांनी आपल्या हातांनी बंदुका खाली ठेवल्या, त्या का ठेवल्या, हे त्याला विचारू द्या. उत्तर देताना घाई करू नका.